खोचलेलं तण

सकाळी प्लॉटवर पोचले आणि पाहते तर काय, माझं तण गायब!

हसा, खुशाल हसा. मी हे सांगायला लागले की सगळेच हसतात. "अहो मॅडम, लोक तण हटत नाही म्हणून रडतात आणि तुम्ही तण गेलं म्हणून रडता?" हे वाक्य मी आजवर इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं की मीच ते म्हणून टाकते. पण इतकी वर्षं झाली तरी ती सकाळ आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा कृषी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय कृषिविद्या. माझा प्रयोग सोयाबीनवर होता. बाजारात यायच्या बेतात असलेलं एक नवं तणनाशक खरंच कामाचं आहे का, ते मला पाहायचं होतं. त्यासाठी शेताचे लहान लहान प्लॉट पाडलेले. काहींत ते औषध कमी मारायचं, काहींत जास्त, काहींत बायांकडून खुरपून घ्यायचं. आणि काही प्लॉट असे की तिथे काहीच करायचं नाही. फवारणी नाही, खुरपणी नाही, बांधावरून जाताना सहज एखादी काडीही उपटायची नाही. तण म्हणेल तसं वाढू द्यायचं. कारण उघड आहे. काहीच केलं नाही तर किती तण येतं आणि पीक किती बुडतं हे कळल्याशिवाय औषधानं काय दिवे लावले ते कळणार कसं?

होस्टेलच्या मुली त्या प्लॉटांना 'सुनंदाचं जंगल' म्हणायच्या. आणि खरंच जंगल होतं हो! केना, लव्हाळा, गाजरगवत, माठ, सगळी मंडळी हजर. पोळा नुकताच झाला होता, पीक फुलावर होतं, आणि त्या सकाळी मी लोखंडी चौकट घेऊन तण मोजायला निघाले होते. चौकट टाकायची, तिच्या आतलं तण मोजायचं, कापायचं, वाळवायचं, वजन करायचं. सगळ्या हंगामातली ही मुख्य मोजणी. ती हुकली की प्रयोग हुकला.

आणि समोर काळीभोर, साफ, खुरपलेली जमीन. सोयाबीनच्या ओळींमध्ये औषधालासुद्धा गवत नाही. पाटी मात्र जागच्या जागी होती: 'तण नियंत्रण नाही.'

मी मटकन बांधावरच बसले.

पलीकडच्या प्लॉटात कौसल्याबाईंची टोळी काम करत होती. प्रक्षेत्रावर, म्हणजे विद्यापीठाच्या शेतावर, रोजंदारीनं येणाऱ्या बायांची ती पुढारी. मला पाहून ती हसत हसत आली.

"काहून बसली व पोरी? पाय, कसं चकाचक केलं तुह्यं वावर! काल दिवसभर खपलो आम्ही."

"कौसल्याबाई, हे कुणी काढायला सांगितलं?"

"इंगोले साहेबानं. उद्या मोठे लोक येऊन राहिले म्हने. सारं साफ पाहिजे."

"अहो, पण ती पाटी! हंगामभर तुम्हाला सांगतेय ना, इथं हात लावायचा नाही म्हणून?"

"आता घ्या! मीच त्याले पाटी दाखवली. म्हटलं साहेब, ही पोरगी इथलं काढू देत नाही. ते म्हने, पाटी राहू दे, गवत काढ."

"आणि काढलेलं तण कुठाय?"

"ढोराईले टाकलं. चांगलं कवळं होतं."

तिच्यावर ओरडून काय उपयोग? तिनं हुकूम पाळला होता, आणि झकास पाळला होता. मी तशीच उठले आणि चौकट हातात घेऊन इंगोले साहेबांच्या ऑफिसात शिरले.

इंगोले साहेब म्हणजे प्रक्षेत्राचे अधीक्षक. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. हे महाशय खुर्चीत बसून बांधावरच्या दगडांना किती चुना लागेल याचा हिशोब करत होते.

"या, काळमेघ मॅडम! पाहिलं का प्रक्षेत्र? उद्या पाहणीला येणाऱ्या समितीवाल्यांनी म्हटलं पाहिजे, वा!"

"साहेब, तुम्ही माझा प्रयोग मारला."

"मी? मी तुमच्या प्रयोगाला हातसुद्धा लावला नाही. फक्त गवत काढलं."

"गवत हाच प्रयोग होता!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला ताप चढलाय. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे पाहा बेटा, रस्त्याला लागून तुमचे प्लॉट. समितीच्या गाड्या तिथंच थांबणार. पाहुण्यांच्या दारात काय गाजरगवत दाखवायचं? घरी पाहुणे आले तर आपण केर काढतो की नाही?"

"पाटी तरी वाचायची होती!"

"वाचली ना. 'तण नियंत्रण नाही.' मी म्हटलं, नाही तर आता करून टाकू!"

आणि ते मनापासून हसले. देवाशप्पथ सांगते, हातातली लोखंडी चौकट मी कशी आवरली माझं मला माहीत.

तिथून सरळ माझ्या गाइडकडे, डॉ. पुंडकर सरांकडे. विद्यापीठात त्यांचा दबदबा. तणनाशकावरचे त्यांचे आधीच्या वर्षीचे निकाल तयार होते, आणि माझ्या वर्षाचे आले की शेतकऱ्यांसाठी शिफारस करायची असा त्यांचा बेत होता. विद्यापीठाची शिफारस म्हणजे काय, तर दुसऱ्या वर्षी गावोगावच्या कृषी केंद्रावर 'विद्यापीठानं सांगितलंय' म्हणून ते औषध विकायला मोकळं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हे इंगोलेंची सालटी काढणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इंगोले मूर्खच आहे," ते म्हणाले. "पण रडू नकोस. मार्ग आहे."

"काय सर?"

"मागच्या वर्षीचे त्या प्लॉटचे आकडे आहेत ना माझ्याकडे? तेच घे. थोडे खालीवर कर. यंदा पाऊस जरा बरा झाला, तर तण थोडं जास्त दाखव. बसवून टाक."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"म्हणजे मी मोजलंच नाही ते लिहू?"

"मोजलं असतंस तर तेवढंच आलं असतं ना? मग झालं तर! माझा वीस वर्षांचा अनुभव आहे, काळमेघ."

"पण सर, तेवढंच आलं असतं हे कशावरून?"

"तुला या उन्हाळ्यात पदवी हवी आहे की नको?"

हा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला होता, कारण त्यांना उत्तर ठाऊक होतं. वडील गेल्यापासून घर चालवलं ते प्रल्हाददादानं. एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्याचा साखरपुडा होऊन बरेच दिवस झाले होते, पण लग्न माझं शिक्षण संपल्यावरच, असं तो सगळ्यांना सांगून बसला होता. माझं शिक्षण आणि स्वतःचा संसार, दोन्ही ओढणं त्याला जमणारं नव्हतं. मुलीकडची माणसं कुरकुरायला लागली होती. येत्या मे महिन्यात बार उडाला नाही तर आम्ही दुसरीकडे पाहू, असा त्यांचा निरोप आला होता. मला विद्यापीठात सोडताना दादा एवढंच म्हणाला होता, "दोन वर्षं, सुनंदा. तिसऱ्याचं नाव काढू नको."

सर पुढं म्हणाले, "आणि उद्या समिती तुझ्याच प्रयोगावर थांबणार आहे. अध्यक्षांना तणाचा विषय कळतो. प्लॉट असा मोकळा दिसला तर विचारतील. त्याचं मी इंगोलेला सांगतो."

त्यांनी फोन उचलला आणि इंगोलेंना असं झाडलं, असं झाडलं की माझं मन जरा निवलं. शेवटी म्हणाले, "ते मला काही सांगू नका. उद्या अध्यक्ष यायच्या आत त्या प्लॉटमध्ये तण दिसलं पाहिजे म्हणजे दिसलं पाहिजे!" आणि फोन आपटला.

आता मला सांगा, तण काय असं फोनवर उगवतं?

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी प्लॉटवर गेले. लांबूनच हिरवं दिसलं. क्षणभर म्हटलं, चमत्कार झाला की काय! जवळ गेले तर कौसल्याबाईंची टोळी ओणवी होऊन तण लावत होती. हो, लावत होती! बांधावरून, नाल्याकाठून विळ्यानं कापून आणलेल्या गाजरगवताचे भारे बाजूला पडलेले. एक बाई काडीनं भोक पाडतेय, दुसरी त्यात गवत खोचून माती दाबतेय, तिसरी झारीनं पाणी घालतेय. आणि सगळं कसं? दोरी धरून! सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. जन्मभर कांदा नि मिरची लावलेल्या बाया त्या, त्यांचा हात वाकडा जाणारच नाही.

इंगोले साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते.

"झालं का समाधान, मॅडम? काल म्हणाल्या गवत काढलं, आज गवत लावलं. आता तरी तक्रार नाही ना?"

कौसल्याबाईनं कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "काल काढा म्हने, आज लावा म्हने. तुमचं हे शिक्षण लय भारी आहे बाप्पा."

समिती सकाळी यायची होती. ती आधी नाश्त्याला थांबली, मग सभागृहात सत्काराला, मग पशुपालन विभागाच्या म्हशी बघायला. माझ्या प्लॉटवर गाड्या आल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. श्रावण संपला की आमच्या वऱ्हाडात काय ऊन पडतं ते तिथं राहिलेल्यालाच माहीत. खोचलेल्या गवतानं केव्हाच माना टाकल्या होत्या. औषध मारलेल्या प्लॉटांतलं तण पिवळं पडलेलं, आणि काहीच न मारलेल्या प्लॉटातलं त्याहून जास्त मेलेलं! सोयाबीन मात्र मधल्या मध्ये तरारून उभं.

अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या सफारीतले एक वयस्क गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यांच्यामागे समिती, मग आमचे सर, मग इंगोले, आणि पाटीशेजारी मी. विद्यार्थ्यानं पाटीशेजारी उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही तिथली रीत.

अध्यक्षांनी पाटी मोठ्यानं वाचली. "तण नियंत्रण नाही." मग खाली पाहिलं. "पुंडकर, इथं तुम्ही काही फवारलेलं नाही?"

"नाही सर. हा तुलनेचा प्लॉट."

"मग इथलं तण कसं सुकलं?"

मी सरांकडे पाहिलं. मला खरंच वाटलं, आता तरी हा माणूस सांगेल की सर, गडबड झाली, प्रयोग फसला. फसतात प्रयोग. त्यात लाज कसली? पण सरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"सर, हेच तर या औषधाचं वैशिष्ट्य," ते म्हणाले. "शेजारच्या प्लॉटमधून वाऱ्यानं नुसता अंश आला तरी तणावर परिणाम होतो. आणि पिकाला धक्का नाही. आपण पाहताच आहात, सोयाबीन कसं टवटवीत आहे."

"वा!" समितीतलं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या कुणीतरी मान डोलावली. इंगोले साहेब तर असे खुश झाले, जणू ते औषध त्यांनीच शोधलंय.

माझ्या डोक्यात काय झालं, सांगता येत नाही. आकडे खालीवर करणं वेगळं, आणि विळ्यानं कापलेल्या गवताचं मरण औषधाच्या नावावर जमा करणं वेगळं. अरे, हे उद्या छापून येणार! गावोगावची माणसं यावर विश्वास ठेवून फवारणीचा पंप पाठीला लावणार!

मी वाकले. दोन बोटांनी एक गाजरगवत धरलं आणि उचललं. ओढावंसुद्धा लागलं नाही. ते मी अध्यक्षांच्या पुढे धरलं.

"सर, हे वाऱ्यानं मेलेलं नाही. याला मूळच नाही. हे उगवलेलं नाही, आज सकाळी खोचलंय. खरं तण परवा उपटून टाकलं, तुम्ही येणार म्हणून."

"काळमेघ!" सर ओरडले.

"हे पाहा ना सर, सगळी ओळीत आहेत. तण कधी ओळीत उगवतं का?"

अध्यक्षांनी ते गवत हातात घेतलं, उलटं केलं. कापलेलं टोक पाहिलं. त्यांना कळलं. मी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना सगळं कळलं. त्यांनी सरांकडे एक नजर टाकली, मग प्लॉटकडे. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता बोलतील.

त्यांनी ते गवत खाली टाकलं आणि हात झटकले.

"ऊन फार झालं, पुंडकर. चहाची व्यवस्था कुठं केलीय?"

बस्स! सगळी वरात वळली आणि मंडपाकडे निघाली. इंगोले साहेब पुढे धावले, खुर्च्या पुसायला. आणि मंडपात माइक हातात घेऊन तेच अध्यक्ष, त्याच तोंडानं म्हणाले, "इतकं स्वच्छ, इतकं नीटनेटकं प्रक्षेत्र मी फार दिवसांनी पाहिलं." टाळ्या पडल्या. मी लांब प्लॉटवर उभी होते, तिथवर ऐकू आल्या.

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. तसं काही नाही. आवाज थंडगार.

"नाटक झालं तुझं? बस. उद्या समिती जाईल. लोक विसरतात, काळमेघ, फार लवकर विसरतात. अजून वेळ गेलेली नाही. आकडे बसवून आण, मी सही करतो. उन्हाळ्यात पदवी घे आणि सुखानं घरी जा. नाहीतर पुढच्या हंगामात पुन्हा पेर, एकटीनं, दुसरा गाइड शोधून. उद्या सकाळी मला उत्तर पाहिजे."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, की..."

"उद्या सकाळी," ते म्हणाले.

उत्तर त्यांच्या तोंडावर फेकून यावं असं फार वाटलं. पण ते वर्ष माझ्या एकटीचं नव्हतं. मी गेटजवळच्या एसटीडी बूथवर गेले आणि आगारात फोन लावला. कुणीतरी हाक मारली, मग बराच वेळ नुसता गाड्यांचा आवाज. मग दादा आला, धापा टाकत.

"काहून व, काय झालं? बरी आहेस ना?"

मी सगळं सांगितलं. एका दमात. उपटलेलं तण, खोचलेलं तण, अध्यक्ष, चहा, सगळं. दादानं ऐकून घेतलं. तो हसलाही नाही. आजवर हे ऐकून न हसलेला तो एकटाच.

"म्हणजे अजून एक वर्ष?" तो म्हणाला.

"हो."

"मुलीकडचे थांबणार नाहीत, सुनंदा. त्यांनी साफ सांगितलंय."

"माहीत आहे. म्हणून तर तुला विचारतेय."

"ते आकडे टाकून दिले तर?"

"तर उन्हाळ्यात पदवी."

"कुणाले कळंल?"

"कुणालाच नाही. ज्याला कळलं त्यानं चहा मागितला."

मग अगदी साध्या आवाजात त्यानं विचारलं, "बरं, एक सांग. ते औषध चांगलं आहे की वाईट?"

इतक्या सगळ्या गोंधळात हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. सरांनी नाही, समितीनं नाही. मला एकदम रडू फुटलं.

"माहीत नाही, दादा," मी म्हटलं. "तेच तर बघायचं होतं."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, कुठली तरी गाडी खोळंबली होती. दादानं त्याला "आलो" म्हटलं. मग मला म्हणाला, "मग बघूनच ये," आणि फोन ठेवला.